अंतर्गत तक्रार समिती, मुख्य इमारत, दुसरा मजला – साडेतीन तारे

याआधी मी तीनच परीक्षणं लिहिली आहेत. कुकरच्या रिंगचं, डोळ्यांच्या दवाखान्याचं आणि पंढरपुरातल्या एका लॉजचं, जिथे गरम पाणी पहाटे चारला यायचं आणि साडेचारला संपायचं. हे चौथं. ह्या वेळी वस्तू नाही, दुकान नाही. एका विद्यापीठात लैंगिक छळाच्या तक्रारी घेणारी समिती आहे, तिच्याकडे माझ्या सात खेपा झाल्या. खर्च म्हणाल तर एसटीचं अर्धं तिकीट आणि झेरॉक्स.

कोणतं विद्यापीठ ते लिहीत नाही. माझ्याबरोबर जी होती ती माझी कोण, तेही नाही. भाची समजा, पुतणी समजा, शेजारची समजा. मी पोरगी म्हणणार. ती मला काकू म्हणते, पण काकू तर मला रिक्षावालेही म्हणतात. तक्रार कोणाविरुद्ध, काय होती, आत काय झालं, निकाल काय लागला, ह्यातलं एक अक्षर इथे सापडणार नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याच्या सोळाव्या कलमात हे जाहीर करायला बंदी आहे, आणि मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेत फायली सांभाळल्यात, मला गोपनीय म्हणजे काय ते नव्याने शिकायचं नाही. तेव्हा हे परीक्षण प्रकरणाचं नव्हे. दार कसं होतं, बाक कुठे होता, पोच मिळाली का, एवढंच. लिहून झाल्यावर पोरीला वाचायला दिलं. तिने तीन ओळी काढायला लावल्या, त्या काढल्या.

मुख्य इमारतीच्या पोर्चमध्ये दोन फलक आहेत. एक रॅगिंगचा, एक ह्या समितीचा. दुसऱ्यासमोर पामची मोठी कुंडी ठेवलेली, इतकी मोठी की खालच्या दोन ओळी वाचायच्या तर कुंडी सरकवावी लागते. फोन नंबर त्याच दोन ओळींत. सगळ्यात वरची ओळ मात्र गेटवरून दिसेल अशी, लाल रंगात: ‘खोटी तक्रार केल्यास कठोर कारवाई’. मी वीत लावून बघितली. लाल अक्षरं अर्धी वीत उंच, नंबर करंगळीच्या पेराएवढा.

कायद्यात खोट्या तक्रारीचं कलम आहे, चौदावं. पण तक्रार शाबीत करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही त्याच कलमात लिहिलंय; जाणूनबुजून खोटं रचलं हे चौकशी करून वेगळं सिद्ध करावं लागतं. हा अर्धा भाग फलकावर नाही. वाण्याने ‘आज रोख उद्या उधार’ एवढंच ठळक रंगवावं आणि दुकानात काय मिळतं ते लिहूच नये, तसला प्रकार. ती लाल ओळ वाचून किती पोरी जिन्यावरूनच परत गेल्या असतील ते ती कुंडीच जाणे.

यादीत अकरा नावं. त्यातले एक अधिष्ठाता. विद्यापीठ अनुदान आयोगाची ह्या विषयावरची नियमावली २०१५ची आहे, राजपत्रात २ मे २०१६ला आली. तिच्यात स्वच्छ म्हटलंय की कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा मोठ्या खुर्चीतलं कोणी ह्या समितीवर नको. ज्याच्या सहीने पगार आणि बढती होते त्याच्यासमोर बाकीचे सदस्य काय तोंड उघडणार? तिसऱ्या खेपेला मी हे लेखी दिलं. पाचव्या खेपेला त्या नावावर पांढरी पट्टी चिकटवलेली होती. कोणी काही बोललं नाही, मीही बोलले नाही. कापलेला अर्धा तारा तिथे परत केला.

नंबर लावला तर एका वयस्कर बाईंनी उचलला. मागे कुकरची शिट्टी होत होती.

“मी आता अध्यक्ष नाही हो, दोन वर्षं झाली निवृत्त होऊन. पण ठेवू नका. मुलगी आत्ता कुठे आहे? सुरक्षित आहे ना?”

म्हटलं, माझ्या शेजारी बसलीये.

“बरं. काय झालं ते मला सांगू नका, मी आता ते ऐकणं बरोबर नाही. शेवटचा प्रसंग कोणत्या तारखेचा, तेवढं सांगा.”

तारीख सांगितली. बाईंनी फोनवरच बोटं मोजल्यासारखं केलं. तक्रार तीन महिन्यांत द्यायची असते, प्रसंग बरेच असतील तर शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. उशीर का झाला ते पटलं तर समिती कारण लिहून ठेवून आणखी तीन महिने वाढवू शकते, “पण त्या भरवशावर राहू नका. लोक आधी परीक्षा होऊ दे म्हणतात, मग सुट्ट्या लागतात, मग तीन महिने कुठे गेले कळत नाही.” मग म्हणाल्या, पेन्सिल घ्या, नवीन अध्यक्षांचा नंबर सांगते. दोनदा सांगितला, माझ्याकडून परत म्हणवून घेतला. ही अख्ख्या सात खेपांतली पहिली सेवा, आणि ती चुकीच्या नंबरावर मिळाली.

नवीन नंबर दुसऱ्या दिवशी लागला.

आता दुसरा मजला. जिन्याच्या तोंडाशी शिपाई बसतो. विचारलं, समितीचं ऑफिस कुठलं? तो म्हणाला, “विशाखा का? विशाखा मॅडम आज नाहीत.” मला आधी वाटलं अध्यक्षांचंच नाव विशाखा असेल. पोरगी त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. त्याचं तरी काय चुकलं म्हणा, सगळे विशाखा समिती, विशाखा समिती म्हणतात, कोणी सांगतं का विशाखा कोण ते? राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या कामावर साथिन, म्हणजे गावातली कार्यकर्ती, म्हणून होत्या, १९९२मध्ये त्या बालविवाह थांबवायला गेल्या आणि त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर अत्याचार झाला. त्यानंतर ज्या संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्यांच्यातली एक विशाखा. १३ ऑगस्ट १९९७चा निकाल. त्या पीठावर आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या. पुढे कायदा व्हायला सोळा वर्षं लागली. शिपायाला हे मी पुढच्या खेपेला चहा पिता पिता सांगितलं. तेव्हापासून तो आम्हाला बघून नुसती मान हलवायचा आणि ‘काय काम?’ म्हणून ओरडायचा नाही. ओरडणं बंद झालं हे मोठं होतं, कारण शेजारीच परीक्षा विभागाची खिडकी आहे. पुनर्मूल्यांकनाचे फॉर्म घेऊन पन्नास-साठ पोरं तिथे कायम उभी. त्या गर्दीसमोर समितीच्या नावाची हातभर पाटी आणि पाटीखाली बाक. त्या बाकावर बसणं म्हणजे ती पाटी गळ्यात घालून बसणं. पोरगी बसली नाही. जिन्यात उभी राहिली, पाऊण तास, मोबाईलमध्ये बघत असल्यासारखी.

ह्या बाकासाठी मी पूर्ण एक तारा कापलाय आणि तो परत करणार नाही. तळमजल्यावर ग्रंथालयाच्या मागे दुसरा जिना आहे, तिथे रिकामी खोली आहे, मी बघून आले. ग्रंथालयात कोणीही कधीही जाऊ शकतं, त्यात कोणाला नवल नाही. समितीची खोली अशी हवी की तिथे जाणारी पोरगी पुस्तक बदलायला चाललीय असं वाटावं. माझ्या सांगण्यावरून चौथ्या खेपेपासून आम्हाला वाचनकक्षात थांबू दिलं आणि शिपाई येऊन हळूच बोलवायचा. आम्हाला म्हणजे आम्हालाच. पाटी आणि बाक अजून तिथेच आहेत.

मग बारनिशी. ज्यांनी सरकारी कचेरी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, आलेलं टपाल जिथे वहीत चढतं ती जागा. तिथल्या लिपिकाने पाकीट घेतलं आणि सुरीने फोडलं. मी हात धरला. शब्दशः मनगट धरलं. तो म्हणाला, “विषय काय लिहू मग?” आमच्याकडे अधिकाऱ्यांच्या गोपनीय अहवालांची पाकिटं यायची, ती कोणी बारनिशीत फोडली असती तर दुसऱ्या दिवशी खुलासा मागितला असता. ‘बंद पाकीट, गोपनीय’ एवढं लिहायचं, क्रमांक टाकायचा आणि ज्याच्या नावाचं त्याच्या हातात द्यायचं. बिचाऱ्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने नवीन पाकीट आणून दिलं, मी पुन्हा चिकटवून जोडावर सही केली. आवक क्रमांक आणि शिक्क्यासकट पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ‘मॅडमना तोंडी सांगितलंय’ ह्याला कचेरीत किंमत शून्य. पुढचे सगळे दिवस त्या शिक्क्याच्या तारखेपासून मोजले जातात.

कायद्याखालच्या नियमांत तक्रारीच्या सहा प्रती द्यायला सांगितल्यात, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. लिपिक म्हणाला सहा कशाला, एक द्या. चार दिवसांनी फोन, अजून पाच आणून द्या. आता विद्यापीठाच्या गेटसमोरचा झेरॉक्सवाला म्हणजे अख्खं विद्यापीठ तिथे उभं, आणि मशीनमधून कागद उताणे बाहेर पडतात. आम्ही रिक्षा करून स्टँडजवळच्या दुकानात गेलो, जिथे सातबारा आणि रेशनकार्डापलीकडे कोणाला कशात रस नाही. तक्रारीच्या प्रती समितीने स्वतःच्या मशीनवर काढून घ्याव्यात, असंही मी लिहून दिलंय. रिक्षाचे साठ गेले.

अर्जाबद्दल थोडं, कारण ह्यात मला गती आहे. पोरीने पहिला मसुदा सहा पानी लिहिला होता. वाचून मी स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले. मग बाहेर येऊन तिला म्हटलं, ही पानं तुझी, जपून ठेव. अर्ज वेगळा लिहू. कागदावर पाच रकाने आखले: तारीख-वार, वेळ, ठिकाण, काय झालं, कोण हजर होतं. एकेक प्रसंग भरत गेलो. तारीख आठवत नसेल तर ‘अमुक पेपरच्या आदल्या दिवशी’, ‘गॅदरिंगच्या आठवड्यात’ असं चालतं, पण ‘नेहमी’ आणि ‘अनेकदा’ नको. कोणाचे मेसेज असले तर नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, आणि मूळ फोनमधून काही उडवू नका, कितीही घाण वाटलं तरी. ‘मला मानसिक त्रास झाला’ हे वाक्य एकदाच, शेवटी. पोरगी म्हणाली, “काकू, हे टेंडरसारखं वाटतंय.” म्हटलं वाटू दे, टेंडर उघडताना कोणी ‘तुला असं वाटलं असेल’ म्हणत नाही.

ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांना लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे, मेहेरबानी नाही. आणि पोरगी खचून आजारीच असेल तर मैत्रीण, घरचं माणूस, वर्गातलं कोणी तिच्या वतीने तक्रार देऊ शकतं. हे मला बाहेरच्या संस्थेतून आलेल्या सदस्य ताईंनी सांगितलं. बाहेरचा एक सदस्य घ्यावाच लागतो. ह्या ताई दुसऱ्या तालुक्यातून एसटीने यायच्या, खांद्याला शबनम, पिशवीत स्वतःचा डबा. समितीतलं सगळ्यात जागं माणूस. पहिल्या दिवशी दार उघडं होतं तेव्हा मी आत बघितलं: लांब टेबलाच्या एका बाजूला सगळे ओळीने बसलेले आणि समोर मधोमध एकच खुर्ची. तोंडी परीक्षेला असते तशी. मी काही बोलायच्या आत ताईच उठल्या, ती खुर्ची उचलून टेबलाच्या कडेला स्वतःशेजारी ठेवली आणि पाण्याचा तांब्या जवळ सरकवला. मग दार लागलं.

त्याच्या पुढचं मला माहीत नाही. वकील कोणत्याच बाजूला आणता येत नाही, तशी मीही आत नव्हते. पोरीने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

समितीवर विद्यार्थ्यांचा मामला असेल तेव्हा तीन विद्यार्थीही असावे लागतात, पदवीचा एक, पदव्युत्तरचा एक, संशोधन करणारा एक, आणि तेही निवडून आलेले. इथे त्यांतला एक पास होऊन पुण्याला नोकरीला लागला होता, पण नाव फलकावर. निवडणूक कधी झाली विचारलं तर ‘विभागाने सुचवलं’ असं उत्तर. दिल्लीच्या जेएनयूत १९९९पासून स्वतःची अशी समिती होती, तिथली पोरं आपले प्रतिनिधी मतदानाने निवडायची; २०१७मध्ये ती मोडून सगळीकडे असते तशी समिती आणली. मोडायचं काय कारण होतं ते त्यांना ठाऊक. आपल्याकडे मुळात बांधलेलंच नाही, तर मोडणार काय.

चुका झाल्या त्यातली एक फार लागली. सुनावणीच्या पहिल्या तारखेला दोन्ही बाजूंना अकराची वेळ दिली होती. एकच मजला, एकच जिना. कोण आलं, कसं आलं ते लिहीत नाही. पोरगी जिन्यातून खाली गेली आणि मला ती पार्किंगमध्ये सापडली. मी अध्यक्ष मॅडमना तिथेच सांगितलं, आवाज थोडा चढला असेल. त्यांनी ऐकून घेतलं, ‘माझ्या लक्षात यायला हवं होतं’ म्हणाल्या, आणि त्यानंतर एका बाजूला सकाळी, दुसऱ्या बाजूला तीन वाजता. ह्या बाईंना मी चांगले गुण देते. प्राध्यापक आहेत, स्वतःचे तास आहेत, पेपर तपासायचे आहेत, ह्या कामाचा वेगळा कारकून नाही, कपाट नाही. फाईल पर्समध्ये घालून घरी न्यायच्या. चुकीचं आहे, पण कपाटाला कुलूप नव्हतं म्हणून.

आणि चौकशी संपेपर्यंत थांबायला लागू नये म्हणून तात्पुरता दिलासा मागता येतो, हे कोणीच सांगत नाही. तीन महिन्यांपर्यंत रजा, एका बाजूची बदली, समोरच्याकडे आपला पेपर, प्रॅक्टिकल, मूल्यमापन जाऊ नये, त्याने लांब राहावं अशी ताकीद. मागावं लागतं, तेही लेखी. आम्ही मागितलं, त्यातलं काही नवव्या दिवशी मिळालं. काय मिळालं ते लिहीत नाही, पण त्या रात्री पोरगी दहा तास झोपली. साडेतीन ताऱ्यांतला एक अख्खा तारा त्या झोपेचा आहे.

समितीबाहेरच्या सेवेला मात्र शून्य. कॅन्टीनमध्ये एक बाई आमच्या टेबलाशी येऊन बसल्या, समितीशी काही संबंध नाही, पण सगळं माहीत. “बघा बाई, लग्नाची पोर आहे. मिटवून टाकलेलं बरं.” ही बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली हा पहिला प्रश्न. दुसरं, समेट हा शब्द कायद्यात आहे, पण तो तक्रारदारानेच मागायचा असतो, दुसऱ्या कोणी सुचवायचा नसतो, आणि त्यात पैशाची देवघेव चालत नाही. मी त्यांना म्हटलं, वडापाव गार होतोय तुमचा.

मुलींच्या वसतिगृहाने त्याच सुमाराला आत यायची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणली. मुलींच्या सुरक्षेसाठी. आयोगाच्या नियमावलीत लिहिलंय की सुरक्षेचं नाव सांगून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे जाचक नियम लावायचे नाहीत. मुलांचं वसतिगृह रात्री अकरापर्यंत उघडं. दोन्हींच्या मधल्या रस्त्यावरचे तीन दिवे बंद, ते मात्र महिनाभर बंदच.

प्रतिबंध म्हणून काय करतात ते विचारलं. अल्बम दाखवला. ८ मार्चला रांगोळी स्पर्धा, विषय ‘नारीशक्ती’. पाककृती. दोन दिवसांचं कराटे शिबिर, फक्त मुलींसाठी. एकाही फोटोत मुलगा नाही, शिक्षक नाही, प्रयोगशाळेतला सहायक नाही. ज्यांना शिकवायला हवं ते सोडून बाकी सगळ्यांना शिकवून झालं. तक्रार कशी करायची ह्याचं एक पान, अर्जाचा नमुना, तीन महिन्यांची मुदत, हे प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाच्या हातात द्यायला कितीसा खर्च? बसपासचा फॉर्म देतात की.

दिवसांचा हिशेब मी कालनिर्णयवर पेन्सिलीने मांडला होता. तक्रार आल्यापासून सात दिवसांत समोरच्याला प्रत जायची, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचं, नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण, पुढच्या दहा दिवसांत अहवाल कुलगुरूंकडे आणि दोन्ही बाजूंच्या हातात, त्यावर तीस दिवसांत कारवाई. अपील करायचं असेल तर तेही त्या तीस दिवसांतच. प्रत सातऐवजी अकराव्या दिवशी गेली. मध्ये दिवाळी, मग परीक्षेची कामं, नव्वदचे एकशे चार झाले. आधी ह्यासाठी अर्धा तारा कापायचं ठरवलं होतं. मग ताईंनी गोव्याची गोष्ट सांगितली. गोवा विद्यापीठातलं २००९चं प्रकरण, समितीने सुनावण्या इतक्या घाईने उरकल्या की समोरच्याला बाजू मांडायची पुरेशी संधीच मिळाली नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ला ठरवलं. बडतर्फीचा आदेश रद्द, चौकशी परत समितीकडे. चौदा वर्षांनी सगळं पुन्हा पहिल्या पायरीवर. त्या तक्रारदार मुली एव्हाना कुठल्या कुठे असतील, कोणाची पोरं शाळेत जात असतील. त्याच निकालात न्यायालयाने देशभर समित्या नीट नेमल्यात का ते तपासायला आणि त्यांची माहिती संकेतस्थळावर टाकायला सांगितलं, पण मला आठवत राहिल्या त्या मुली. चौदा दिवस उशीर झाला, होऊ दे. प्रत्येक पानावर सही घेतली का, उत्तराची प्रत दिली का, हजेरी लिहिली का, हे मी ताईंना दरवेळी विचारायची. त्या हसून म्हणायच्या, “घेतली हो, हेडक्लार्क.”

पोलिसांचंही सांगते, कारण लोक विचारतात. समितीकडे गेलं म्हणून पोलिसांत जायचं दार बंद होत नाही, आणि पोलिसांत गेलं म्हणून समितीचं. जायचं असेल तर संस्थेने मदत करायची असते. आम्ही गेलो की नाही, ते सोळावं कलम.

सहाव्या खेपेला मी एकटीच वाचनकक्षात बसले होते. बारीक मिशी फुटलेला एक मुलगा दोनदा आत येऊन गेला. तिसऱ्यांदा माझ्यासमोर थांबला. “मॅडम, तुम्ही त्या समितीत आहात का?” नाही म्हटलं. तरी उभा. मग म्हणाला, “तिथे मुलांचं घेतात का?” फलकावर ‘महिला तक्रार’ असंच लिहिलंय, त्याला कसं कळणार? कायदा बायकांपुरता आहे, पण आयोगाच्या नियमावलीत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही येतात. मी म्हटलं घेतात, घ्यावंच लागतं. तारीख विचारली. शेवटचा प्रसंग कधीचा, तेवढंच, दुसरं काही नाही. त्याने सांगितली. मी पर्समधून कालनिर्णयचं ते पान काढून मोजलं. सव्वीस दिवस उरले होते. पाच रकाने आखून दिले आणि स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याचा पत्ता.

सातवी खेप शेवटचे कागद घ्यायला. निघताना फलक बघितला. कुंडी बाजूला सरकवलेली होती, पामला थोडं ऊनही लागत होतं. पास झालेल्या मुलाचं नाव झाकलेलं. अध्यक्षांचं नाव नवीन. लाल ओळ तशीच. नंबर तोच जुना.

मी मुकाट्याने लावला. दोन रिंगांत उचलला.

“बाई, मी ती अमुक महिन्यात फोन केलेली. तुमचा नंबर अजून फलकावर आहे, मी त्यांना पुन्हा लेखी देते.”

“देऊ नका,” त्या म्हणाल्या. “नव्या मॅडम दुपारचे तास असले की फोन बंद ठेवतात. कालच एकीचा आला होता दीड वाजता. थांबा हं, गॅस बारीक करून येते.”